परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घ्यायचं असेल तर आधी कागदांचा क्रम समजून घ्या

समजा, साताऱ्यातल्या बहिणीचं मूल न्यू जर्सीत राहणाऱ्या, अमेरिकी नागरिक झालेल्या भावाने दत्तक घ्यायचं ठरलं. दोन्ही घरांचा मनापासून होकार आहे. भटजी बोलावून दत्तकविधान झालं, दुय्यम निबंधक कार्यालयात दत्तकपत्र नोंदवून झालं. हिंदू दत्तक कायद्यापुरतं बोलायचं तर मूल आता भावाचं झालं. तरीही अमेरिकेचा व्हिसा नाकारला जातो. एकही कागद खोटा नाही, कुणी पैसे घेतलेले नाहीत, फक्त जे शेवटी करायचं ते आधी केलं. यावर उपाय म्हणून अमेरिकी नियम सांगतो की ते दत्तक रद्द करून या आणि पहिल्यापासून सुरुवात करा. इकडे १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याचं कलम १५ म्हणतं की एकदा वैध रीतीने झालेलं दत्तक रद्द करताच येत नाही. मूल दोन देशांच्या कायद्यांच्या मधोमध अडकतं.

आंतरराष्ट्रीय दत्तकात बहुतेक गोष्टी बिघडतात त्या अशा, क्रम चुकल्यामुळे. म्हणून हा क्रम कुठून आला आणि प्रत्येक पायरी कशासाठी आहे, हे नीट पाहायला हवं.

करार कशासाठी झाला

१९८० च्या दशकापर्यंत परदेशी कुटुंबं १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली भारतीय मुलाचं फक्त पालकत्व मिळवत, मूल घेऊन जात आणि खरं दत्तक आपल्या देशात पूर्ण करत. तिकडे ते पूर्ण झालं की नाही, मूल कोणत्या घरात आहे, हे इथे कुणालाच कळायची सोय नव्हती. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी सविस्तर नियम घालून दिले. मुलासाठी आधी देशातच कुटुंब शोधा, परदेशातून येणारा अर्ज तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच घ्या, दत्तकात कुणाचा नफा होऊ देऊ नका, ही तत्त्वं त्याच निकालातली. त्यातूनच पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, उभं राहिलं.

जगभर हीच चिंता होती. २९ मे १९९३ रोजी हेगमध्ये आंतरराष्ट्रीय दत्तकाचा करार झाला. भारतात तो १ ऑक्टोबर २००३ पासून लागू आहे, अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून. आज शंभराहून जास्त देश त्यात आहेत. कराराचं म्हणणं थोडक्यात असं: मूल दत्तकासाठी खरोखर मोकळं आहे आणि त्याला स्वदेशात घर मिळालेलं नाही, हे मुलाच्या देशाने ठरवायचं. पालक लायक आहेत आणि मुलाला त्या देशात प्रवेश मिळणार आहे, हे पालकांच्या देशाने ठरवायचं. दोन्ही देशांनी लेखी ‘पुढे जा’ म्हटल्याशिवाय मूल कुणाच्या हवाली करायचं नाही. जन्मदात्या आईची संमती बाळ जन्मल्यानंतरचीच ग्राह्य धरायची. नातेवाईकांचा अपवाद सोडला तर या गोष्टी पूर्ण होईपर्यंत इच्छुक पालकांनी मुलाच्या जन्मदात्यांशी संपर्कच करायचा नाही. हा शेवटचा नियम अनेकांना निष्ठुर वाटतो. पण गरोदर, गरीब बाईच्या दारात परदेशी पैसा थेट पोहोचला की ‘संमती’ कशी तयार होते, याचे कटू अनुभव भारताने घेतले आहेत. पुण्यातल्या एका दत्तक संस्थेच्या कारभाराची सीबीआय चौकशी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने झाली, ती २०१० मध्ये.

पासपोर्ट कुठला यापेक्षा राहता कुठे

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ‘आम्ही तर भारतीय नागरिक, मग आमचं दत्तक आंतरराष्ट्रीय कसं?’ हेगचा करार नागरिकत्व पाहत नाही, तुमचं नेहमीचं राहतं घर कुठल्या देशात आहे ते पाहतो. भारतीय पासपोर्टवर दुबईत किंवा सिंगापुरात राहणारं मराठी जोडपं पुण्यातलं मूल घेत असेल, तर मूल एका देशातून दुसऱ्या देशात राहायला जाणार, म्हणून ते आंतरराष्ट्रीय दत्तकच. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ५६ तर स्पष्टच सांगतं की प्रत्येक आंतरराष्ट्रीय दत्तक याच कायद्याने आणि काराच्या नियमांनीच झालं पाहिजे. वैध आदेशाशिवाय मूल परदेशी नेणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पासपोर्टचा फरक पडतो तो रांगेतल्या जागेत. अनिवासी भारतीयांना देशात राहणाऱ्या भारतीयांच्या बरोबरीने धरलं जातं. ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, इतर परदेशी नागरिकांच्या आधी प्राधान्य मिळतं. बाकीचे परदेशी नागरिक त्यानंतर. अपंगत्व असलेली मुलं, भावंडांच्या जोड्या आणि पाच वर्षांवरची मुलं यांना आंतरराष्ट्रीय दत्तकात प्राधान्य देण्याची तरतूद कायद्यातच आहे, कारण देशात त्यांना घर मिळणं अवघड जातं. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तकं झाली, त्यांपैकी ४,१५५ देशातल्या देशात. उरलेली तीनशे साठ मुलं परदेशी गेली. परदेशी पासपोर्टवर ‘निरोगी, वर्षाच्या आतलं’ मूल मागणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवून निर्णय घ्यावा.

पात्रता

जोडपं असेल तर स्थिर वैवाहिक जीवनाची किमान दोन वर्षं हवीत आणि दोघांची संमती. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. दोघांच्या वयांची बेरीजही पाहतात: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढे ११०. एकट्या पालकासाठी हीच मर्यादा अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५. आधीच दोन मुलं असतील तर २०२२ च्या नियमांनुसार विशेष गरजा असलेलं किंवा सहज घर न मिळणारं मूलच घेता येतं. नातेवाईकाचं मूल आणि सावत्र मूल यांना ही अट लागू नाही.

नात्याबाहेरचं मूल: पायऱ्या

सुरुवात भारतात नाही, तुम्ही राहता त्या देशात होते. काराने मान्यता दिलेली तिथली परदेशी दत्तक संस्था गाठायची. अशी संस्था नसेल तर त्या देशाचं केंद्रीय प्राधिकरण, आणि तेही नसेल तर भारतीय दूतावास. आखातातल्या भारतीयांचा रस्ता बहुतेक वेळा दूतावासातूनच जातो. समाजकार्यकर्ता घरी येऊन होम स्टडी करतो: उत्पन्न, आरोग्य, पोलिस दाखला, घराची जागा, नात्यातला ताण, दत्तकाबद्दल दोघांचं खरं मत. हा अहवाल तीन वर्षं चालतो. मग अर्ज आणि सगळी कागदपत्रं काराच्या ‘केअरिंग्ज’ पोर्टलवर चढतात.

मराठी कुटुंबांचं घोडं इथे नावांवर अडतं. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ जास्त. विवाह प्रमाणपत्रावर एक, पासपोर्टवर दुसरं, पगाराच्या दाखल्यावर तिसरं. पोर्टलवर जे नाव जातं तेच पुढे दत्तक आदेशात, त्यावरून मुलाच्या जन्मदाखल्यात आणि त्यावरून पासपोर्टवर उतरतं. एकदा आदेशात चुकलं की दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज आणि तोवर पुढचं सगळं ठप्प. म्हणून नोंदणीच्या आधीच सगळे कागद एका नावावर आणा. एकाच व्यक्तीची ही दोन नावं आहेत असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. परदेशी कागदांना अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा त्या देशाच्या सरकारचा दाखला, घ्या, आणि तो देश अपोस्टिल करारात नसेल तर भारतीय दूतावासाचं साक्षांकन.

क्रमांक आला की पोर्टलवर मुलाची माहिती दिसते. परदेशातल्या पालकांना मूल राखून ठेवायला ९६ तास मिळतात. त्यानंतर मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल यांवर सही करून स्वीकार कळवायला ३० दिवस. हे ३० दिवस फोटो पाहत घालवू नका. वैद्यकीय अहवाल बालरोगतज्ज्ञाला दाखवा. वजन आणि डोक्याचा घेर महिन्यागणिक कसा वाढला, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या चाचण्या कधी झाल्या, जन्मवेळचं वजन किती होतं, मूल आवाजाकडे वळतं का, हे विचारायला सांगा. शंका असेल तर संस्थेमार्फत आणखी तपासण्या मागता येतात. टाकून दिलेल्या मुलाची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली असू शकते. पुढे तीच कायदेशीर जन्मतारीख होते, हेही मनाशी धरून ठेवा.

इथे प्रश्न येतो की हे मूल मोकळं आहे हे कुणी ठरवलं? ते काम जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचं. जन्मदात्यांनी समितीसमोर मूल सोपवलं असेल तर निर्णय फिरवायला त्यांना ६० दिवस मिळतात. टाकलेलं किंवा अनाथ मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत, आई-वडिलांचा शोध घेऊन झाल्यावरच, समिती ते दत्तकासाठी मोकळं जाहीर करते. ‘संस्थेत इतकी मुलं असताना आम्हाला का नाही’ हा प्रश्न रास्त आहे, पण संस्थेतल्या कितीतरी मुलांचे आई-वडील हयात असतात आणि ती मुलं दत्तकासाठी मोकळी नसतात.

स्वीकारानंतर तुमच्या देशाचं पत्र लागतं, हेग कराराच्या कलम ५ किंवा १७ खालचं. पालक लायक आहेत आणि मुलाला प्रवेश मिळेल, असं त्यात लिहिलेलं असतं. ते मिळालं की कारा दहा दिवसांत ना-हरकत प्रमाणपत्र देते. या टप्प्यानंतर, हमीपत्र लिहून देऊन, आदेश होईपर्यंत मुलाला भारतातच तात्पुरतं आपल्याजवळ ठेवता येतं. मूल जिथे आहे ती भारतातली संस्था अर्ज दाखल करते आणि दोन महिन्यांत दत्तक आदेश होणं अपेक्षित आहे. २०२१ च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान मिळालं आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रलंबित प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायला अंतरिम मनाई झाली. म्हणून महाराष्ट्रात आपलं प्रकरण कुणासमोर चालणार, हे विमानाची तिकिटं काढण्याआधी संस्थेला विचारा.

आदेशानंतर दत्तक पालकांच्या नावाचा जन्मदाखला, भारतीय पासपोर्ट आणि काराचं अनुरूपता प्रमाणपत्र मिळतं. हे प्रमाणपत्र कराराच्या कलम २३ खालचं असतं. ते असलं की करारातल्या इतर देशांना हे दत्तक मान्य करावंच लागतं. तिथे पुन्हा दत्तक करावं लागत नाही. याची मूळ प्रत कधीही कुणाकडे ठेवायला देऊ नका.

खर्चाबद्दल एवढंच: भारतातल्या संस्थेला परदेशातल्या पालकांनी द्यायची रक्कम ५,००० डॉलर ठरलेली आहे. तिकडच्या संस्थेचं शुल्क वेगळं. ‘देणगी’ मागितली गेली तर द्यायची नाही, लेखी तक्रार काराकडे करायची. देणगीची सवय लागली की मुलं ‘मिळवण्याची’ सवय लागते.

अमेरिकेतल्यांसाठी

अमेरिकेत सगळ्यात आधी आय-८००ए हा पालकांच्या लायकीचा अर्ज मंजूर व्हावा लागतो. मग भारतातून मुलाची माहिती आणि स्वीकार. मग त्या विशिष्ट मुलासाठी आय-८००, त्याची तात्पुरती मंजुरी. मग अमेरिकी दूतावासाचं कलम ५ चं पत्र. मग काराची ना-हरकत, मग दत्तक आदेश, आणि अगदी शेवटी व्हिसा. यातला आदेश पत्राच्या आधी झाला की सुरुवातीला सांगितलेला पेच पडतो. आय-८०० मूल १६ वर्षांचं होण्याआधी दाखल व्हावा लागतो. भारतातच दत्तक पूर्ण करून आय-एच-३ व्हिसावर आई-वडिलांकडे राहायला आलेलं १८ च्या आतलं मूल अमेरिकेत पाऊल ठेवताच आपोआप नागरिक होतं.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनी मात्र थांबून विचार करावा. आय-८००ए अमेरिकी नागरिकालाच भरता येतो, जोडप्यातला एक तरी नागरिक हवा. नागरिक नसलेल्यांसाठी त्या देशाच्या स्थलांतर कायद्यात दत्तक मूल ‘मूल’ ठरायला सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं एकत्र राहणं सिद्ध करावं लागतं. म्हणजे पालकांपैकी एकाला नोकरी सोडून दोन वर्षं भारतात राहावं लागू शकतं. काराच्या यादीत तुम्ही भारतीयांच्या बरोबरीने असाल, पण मुलाला तिकडे नेण्याचा रस्ता बंद असेल, तर त्या जागेचा उपयोग नाही. नोंदणीच्या आधी स्थलांतर वकिलाचा लेखी सल्ला घ्या. त्या फीत कंजूसपणा करू नका.

नातेवाईकाचं मूल

बाल न्याय कायद्यातले नातेवाईक मोजकेच आहेत: मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. आपल्याकडे चुलतभावाच्या मुलालाही आपण पुतण्याच म्हणतो, पण चुलत-मावस नात्यांना हा मार्ग सहसा खुला होत नाही. नाव नोंदवण्याआधी नातं कागदावर मांडून पाहा.

या मार्गातही होम स्टडी राहत्या देशातच होते. इकडे जिल्हा बाल संरक्षण कक्ष मुलाच्या जन्मदात्या घराचा अहवाल करतो: का देत आहेत, कुणाचा दबाव आहे का, भावंडं किती. जन्मदात्या आई-वडिलांची संमती लागते, आणि पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःचीही. ही औपचारिकता समजू नका. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘मामाकडे अमेरिकेला जायचंय’ एवढंच सांगितलेलं असतं आणि अधिकाऱ्यासमोर त्याला पहिल्यांदा कळतं की आई-बाबा बदलणार. तिथे मूल रडलं, गप्प बसलं, तर प्रकरण थांबतं आणि ते थांबलंच पाहिजे.

हिंदू कायद्याने दत्तकपत्र करायचंच असेल, तर त्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून वेगळी तरतूद आहे. दत्तकपत्र नोंदणीकृत हवं, जिल्हाधिकारी चौकशी करून पडताळणी अहवाल देतात, मूल ज्या देशात जाणार त्या देशाचं पत्र लागतं, आणि मग कारा ना-हरकत देते. या कायद्यात मूल १५ वर्षांच्या आतलं आणि अविवाहित हवं, मुलगा असताना मुलगा घेता येत नाही, मुलगी असताना मुलगी घेता येत नाही. ज्या देशाला दत्तकाच्या आधी आपली मंजुरी घेतलेली हवी असते, त्याच्या बाबतीत हा मार्ग धोक्याचाच राहतो. दत्तकपत्राचा मुद्रांक घेण्याआधी त्या देशाचं उत्तर लेखी मिळवा.

उलट्या दिशेचा प्रश्नही येतो. मूल नातेवाईकाचं, पण जन्माने अमेरिकी नागरिक, आणि दत्तक घेणारे महाराष्ट्रात. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा जोडप्याला दिलासा नाकारला. परदेशी नागरिक असलेलं, काळजी-संरक्षणाची गरज नसलेलं मूल बाल न्याय कायद्याच्या कक्षेत येत नाही आणि ते दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क नाही, असं न्यायालय म्हणालं. अशा वेळी दत्तक मुलाच्या नागरिकत्वाच्या देशातल्या कायद्याने करून मग मूल इकडे आणणं, हा रस्ता उरतो.

मूल घरी आल्यावर

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे एकूण सहा अहवाल काराकडे जातात. ऑक्टोबर २०१७ मध्ये टेक्सासमध्ये बिहारमधून दत्तक गेलेल्या तीन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि दत्तक वडिलांना जन्मठेप झाली. वर्षभरापूर्वीच ती त्या घरात गेली होती. म्हणून अहवालासाठी येणाऱ्या समाजकार्यकर्त्याला मूल झोपलंय म्हणून परत पाठवू नका. त्याने मूल पाहिलंच पाहिजे, आणि जमत नसेल तर ते त्याला सांगता आलं पाहिजे. जुळलंच नाही तर आधी समुपदेशन, मग त्याच देशात दुसरं कुटुंब, आणि अगदी शेवटी मुलाला परत आणणं, असा क्रम नियमांत आहे.

भारतात राहून दत्तक घेतलं आणि दोन वर्षांच्या आत परदेशी बदली झाली, तर निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी भारतीय दूतावासाला नव्या पत्त्यासह लेखी कळवावं लागतं. मुलाला परदेशी नागरिकत्व मिळालं की भारतीय नागरिकत्व संपतं. नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत काराकडे पोहोचवा, भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचं प्रमाणपत्र घ्या आणि ओसीआयसाठी अर्ज करा. जुन्या पासपोर्टवर भारतात सुट्टीला आलात तर विमानतळावर अडचण होते.

मोठं झाल्यावर मूल आपलं मूळ शोधू शकतं. १८ पूर्ण झाल्यावर स्वतः, त्याआधी आई-वडिलांबरोबर अर्ज करता येतो. जन्मदात्रीने मूल सोपवताना ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची लेखी संमती लागते. मुलाच्या वतीने तिसऱ्या कुणाला असा शोध घेता येत नाही, म्हणून ‘मूळ शोधून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. दत्तक आदेश, अभ्यास अहवाल, संस्थेचा नोंद क्रमांक आणि बाल कल्याण समितीच्या आदेशाची प्रत हे चार कागद मात्र मुलासाठी वेगळ्या फाइलीत जपून ठेवा. या शोधाची सुरुवात त्यांच्यावरूनच होते.